गुडघ्याचं छोटं ऑपरेशन आणि नंतरचे पंधरा दिवस

“काही नाही हो, दुर्बिणीतून करायचं छोटंसं ऑपरेशन आहे. आज गेलं की उद्या घरी!” गुडघ्यातली फाटलेली गादी कापायची किंवा एखादा सुटा तुकडा बाहेर काढायचा ठरला, की घरात असंच बोललं जातं. डॉक्टरही धीर द्यायला ‘छोटं’ म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीने ते खरोखरच छोटं असतं. पण मैत्रिणींनो, या एका शब्दाने घरोघरच्या बायकांना फार अडचणीत आणलं आहे. ऑपरेशन छोटं म्हणून विश्रांती छोटी, मदत छोटी आणि दुखलं तर बोलायचीही चोरी! ‘एवढ्याशा भोकाला एवढं मोठं बँडेज?’ असं कुणीतरी थट्टेने म्हणतं, आणि बाई चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटू लागते.

म्हणून आज या छोट्या ऑपरेशननंतरच्या दुखण्याबद्दल जरा सविस्तर बोलू या. ते कसं आवरायचं, औषध कधी घ्यायचं, घरात काय तयारी ठेवायची आणि कधी ताबडतोब डॉक्टरांना फोन करायचा.

बाहेरून पाहिलं तर गुडघ्यावर जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे दोन-तीन छेद असतात. एकातून दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यार. ही युक्ती जपानची. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आत पाहिलं. पुढे मासाकी वातानाबे यांनी दुर्बीण सुधारली आणि १९६२ मध्ये तिच्या मदतीने गुडघ्यातल्या गादीचा फाटका भाग कापून काढला. पूर्वी याच कामासाठी मोठा छेद घेऊन गुडघा उघडावा लागे. तेव्हा हे ऑपरेशन छोटं झालं, ही विज्ञानाची कृपाच म्हणायची.

पण आतलं काम काही तेवढं छोटं नसतं. नीट दिसावं म्हणून सांध्यात सलाईनसारखं पाणी भरून तो फुगवतात, मग आत कापणं, तासणं, धुणं चालतं. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला वेदना कळत नाही, कारण तिच्यात मज्जातंतूच नसतात. पण सांध्याला आतून जे पातळ अस्तर असतं ते मात्र फार हळवं! त्याला धक्का लागला की ते सुजतं, पाणी सोडतं आणि ठणकू लागतं. त्वचेवर दोन टाके दिसतात म्हणून आतही दोनच टाक्यांएवढं दुखणं असेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे बाईने दुखणं सोसलं की तिचं कौतुक होतं. ‘गोळी नको, सहन होतंय’ हे वाक्य आपण आईकडून, आजीकडून ऐकत आलो आहोत. डोकं दुखत असेल तर तेवढ्यापुरतं चालेलही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मात्र हा सोशिकपणा गुडघ्याच्याच मुळावर येतो. कसा ते पाहा.

मांडीच्या पुढच्या बाजूला जो मोठा स्नायू असतो, तोच गुडघा सरळ करतो आणि उभं राहताना आपल्याला सावरतो. सांध्यात सूज आली, दुखू लागलं, की शरीर आपल्या परस्पर या स्नायूकडे जाणारा हुकूम कमी करतं. जणू कुणी दिव्याचं बटण अर्धवट बंद करावं! सांध्यात नुसतं वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे भरेल एवढं पाणी साठलं, तरी वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडू लागतो. स्नायू ढिला म्हणून पाय उचलत नाही, उचलत नाही म्हणून आपण तो हलवत नाही, हलवत नाही म्हणून सूज उतरत नाही आणि गुडघा आखडतो. दुखणं आवरायचं ते लाड म्हणून नव्हे, तर पाय हलवता यावा म्हणून. गोळी आणि बर्फ ही व्यायामाचीच अर्धी तयारी आहे असं समजा.

आमच्या शेजारच्या वहिनींचंच उदाहरण घ्या. ऑपरेशन उत्तम झालं. घरी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. का? तर ‘गोळ्या गरम पडतात.’ दुखत होतं म्हणून गुडघ्याखाली गुबगुबीत उशी घेतली. गुडघा किंचित वाकवून ठेवला की फार बरं वाटतं ना, तसंच त्यांनाही वाटलं. उशी रात्रंदिवस तिथेच. व्यायामाचा कागद देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टोचलेला! तीन आठवड्यांनी पाहतात तो गुडघा पुरता सरळच होईना. उभ्या राहिल्या की टाच जमिनीला टेकत नव्हती आणि चालणं लंगडं. फिजिओथेरपिस्टकडे दोन महिने खेटे घातले तेव्हा कुठे पाय सरळ झाला. आणि त्या दोन महिन्यांत जे दुखलं, ते पहिल्या आठवड्याच्या दुखण्याच्या कितीतरी पट होतं, असं त्या स्वतःच सांगतात.

पहिली रात्र

ऑपरेशन संपवताना डॉक्टर पुष्कळदा गुडघ्यात बधिरतेचं इंजेक्शन देऊन ठेवतात. पाठीत भूल दिली असेल तर कमरेखालचा भागही काही तास बधिर असतो. त्यामुळे दुपारी तुम्ही हसत-बोलत असता, भेटायला आलेल्या नणंदेला ‘मला तर काही कळलंच नाही’ असं सांगत असता. आणि मग संध्याकाळी किंवा रात्री बधिरता उतरते. इथे पुष्कळजणी गडबडतात. एकदम ठणका सुरू होतो, घरात सगळे झोपलेले, औषधाची पिशवी कुठे ठेवली ते आठवत नाही. शिवाय तोंडाने घेतलेल्या गोळीचा गुण यायला अर्धा-पाऊण तास तरी लागतोच.

तेव्हा दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारून ठेवा : बधिरता साधारण किती वाजता उतरेल? आणि पहिली गोळी किती वाजता घ्यायची? ती बधिरता उतरायच्या आधी पोटात गेलेली बरी. भाजी लागून करपायला आल्यावर गॅस बारीक करण्यापेक्षा आधीच केलेला बरा, तसंच हे.

पुढचे दोन-तीन दिवसही हाच नियम. ‘दुखलं तर घेईन’ असं न म्हणता डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला, घड्याळ बघून गोळी घ्या. दुखणं एकदा शिगेला पोचलं की तेवढ्याच गोळीने ते खाली येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज जास्त असते, त्यामुळे ‘काल बरं होतं, आज जास्त दुखतंय’ असं झालं तर एवढ्याने घाबरू नका. त्यानंतर मात्र रोज थोडं थोडं उतरत जायला हवं. मग गोळ्यांमधलं अंतर वाढवा. साधारण आठवड्याभरात पुष्कळजणींना फक्त व्यायामाआधी आणि रात्री झोपताना गोळी पुरते. कुणाला चार दिवस जास्त लागतात, त्यात कमीपणा नाही.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या त्या तारखेच्या चौकटीत कोणती गोळी किती वाजता घेतली ते पेन्सिलीने लिहा. दूधवाल्याचा हिशेब आपण तिथेच लिहितो, मग आपल्या गोळीचा का नाही? दुखण्यामुळे आणि अपुऱ्या झोपेमुळे ‘घेतली की नाही’ हे खरोखरच आठवत नाही, आणि दोनदा घेतली जाण्याची भीती असते.

कोणती गोळी, कशावर

दुखण्यासाठी लिहून देतात त्या गोळ्यांचे ढोबळ तीन गट. पहिली पॅरासिटामॉल, आपल्या ओळखीची तापाची गोळी. ‘ती तर तापाची, दुखण्यावर काय करणार?’ असं म्हणून पुष्कळजणी ती बाजूला ठेवतात, पण वेळच्या वेळी घेतली तर ती चांगला आधार देते. पोटाला सोसते, उपाशीपोटीही चालते. मर्यादा मात्र पाळायलाच हवी. धडधाकट प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५००च्या आठ गोळ्या, ही शेवटची हद्द. किरकोळ बांध्याच्या बाईला किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांना त्याहून कमी, आणि किती कमी ते डॉक्टरच सांगतील. या हद्दीपलीकडे यकृताला धोका असतो.

इथे एक गोम आहे, ती नीट लक्षात घ्या. आपल्याकडे दुखण्याच्या पुष्कळ गोळ्यांत दोन-दोन औषधं एकत्र असतात. उदाहरणार्थ ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली जोडगोळी, वर घरातली तापाची गोळी आणि त्यात सर्दी झाली म्हणून आणखी एक, असं केलं की नकळत एकच औषध तीन वाटांनी पोटात जातं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा, किंवा मुलीला वाचायला सांगा. दुकानदाराला विचारायलाही संकोच नको.

दुसरा गट सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक वगैरे. ‘गरम पडतात’ म्हणतात त्या याच. त्यात तथ्य एवढंच, की या गोळ्या जठराच्या अस्तराला त्रास देतात. म्हणून त्या पोटात अन्न असतानाच घ्यायच्या आणि डॉक्टरांनी सोबत आम्लपित्ताची गोळी दिली असेल तर तीही चुकवायची नाही. आणि इथेच आपले उपासतापास आडवे येतात. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहावर राहायचं आणि वर ही गोळी घ्यायची, हे पोटाला आणि मूत्रपिंडालाही बाधतं. एकादशी असो, गुरुवार असो, गोळ्या चालू आहेत तोवर उपास सोडा. मन घेतच नसेल तर निदान दही-केळं, दूध-राजगिरा पोटभर खाऊन मगच गोळी घ्या आणि दिवसभर पाणी पीत राहा. सासूबाईंना समजावण्याचं काम डॉक्टरांवर सोपवलं तर ते अधिक सोपं जातं, हा अनुभव आहे!

रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, दमा, पूर्वी कधी पोटात व्रण झालेला, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं, यांपैकी काहीही असेल तर या दुसऱ्या गटातली गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर तेही आधी सांगावं.

तिसरा गट जोरदार गोळ्यांचा, ट्रामाडॉलसारख्या. त्या थोड्याच दिवसांसाठी असतात. त्यांनी गरगरतं, मळमळतं, झोप येते आणि हमखास बद्धकोष्ठ होतो. आधीच शौचाला बसणं जिकिरीचं, त्यात हे! पहिल्या दिवसापासून पाणी, पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका यांच्याकडे लक्ष द्या, तरी अडलं तर डॉक्टरांकडून सौम्य सारक मागून घ्या. ही गोळी घेऊन एकटीने न्हाणीघरात जाऊ नका आणि स्कूटरला तर हातही लावू नका. मन शांत राहण्याची किंवा झोपेची काही औषधं चालू असतील तर ती ऑपरेशनच्या आधीच सांगितलेली बरी, कारण काही औषधांशी तिचं जमत नाही.

शेक की बर्फ?

‘गरम पाण्याची पिशवी दे गं तिला.’ गुडघा म्हटलं की शेक, हे आपल्या हाडीमाशी खिळलं आहे. जुनाट आखडलेल्या गुडघ्याला शेकाने बरं वाटतंही. पण ताज्या ऑपरेशनच्या गुडघ्याला पहिल्या दिवसांत शेक नको. उष्णतेने रक्त जास्त धावतं आणि सूज वाढते. इथे हवा बर्फ.

बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी पातळ पंचात गुंडाळा. मटारच्या दाण्यांचं गोठवलेलं पाकीट असेल तर फारच छान, ते गुडघ्यावर बेतल्यासारखं बसतं (मात्र पुन्हा भाजीत वापरायचं नाही, त्यावर खूण करून ठेवा). पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, काढायचं, पुन्हा दोन-तीन तासांनी. बर्फ थेट कातडीला लावू नये, आणि गुडघा अजून बधिर असेल तर पाच-पाच मिनिटांनी कातडीचा रंग पाहावा, कारण चटका बसला तरी कळत नाही. बर्फ ठेवून झोपी जाऊ नये. छेदांवरची पट्टी ओली होणार नाही, एवढं सांभाळायचं. हळद, तूप, कोरफड यांपैकी काही जखमेवर लावायचं नाही. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही, डिंकाचे लाडूही खा. त्यांनी मन नक्की प्रसन्न होतं!

पाय उंच ठेवण्याचीही एक रीत आहे. उशी गुडघ्याखाली नव्हे, तर पोटरी आणि टाचेखाली, म्हणजे गुडघा सरळ राहील आणि पाऊल छातीपेक्षा उंच येईल. सुरुवातीला ओढ बसते, गुडघा कुरकुरतो. दिवसातून थोडा थोडा वेळ करा. नुसती गुडघ्याखालची उशी म्हणजे गोड बोलणारी वैरीण, वहिनींचा किस्सा आठवा.

आणि हो, तेल लावून पाय रगडून घेणं सध्या बंद. प्रेमाने पोटरी चोळून देणारे हात घरात असतील तर त्यांना दुसरं काम द्या. ऑपरेशननंतर पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा थोडा धोका असतो आणि चोळण्याने ती सुटू शकते. संततिनियमनाच्या किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेत असाल तर हा धोका वाढू शकतो, म्हणून त्या गोळ्यांची गोष्ट ऑपरेशनआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. लाजण्यासारखं यात काही नाही.

गोळीनंतरचा पाऊण तास

गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासाने दुखणं उतरतं. ती वेळ व्यायामाची. नेमकी तेव्हाच आपल्याला डुलकी घ्यावीशी वाटते किंवा ‘आता बरं आहे तर जरा भाजी निवडते’ असं सुचतं. भाजी राहू दे.

पलंगावर पाय लांब करून बसा. आधी पाऊल वर-खाली, वर-खाली करा, शिवणयंत्राचं पायडल मारल्यासारखं. हे तर जागेपणी दर तासाला करायचं, रक्त खेळतं राहण्यासाठी. मग गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा, मांडीचा स्नायू घट्ट करा, मनात पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा. मांडीवर हात ठेवलात तर स्नायू जागा होतो आहे की नाही ते हातालाच कळतं. पहिल्या दिवशी काहीच हालत नाही, माणूस रडकुंडीला येतो. आधी चांगल्या पायाने करून पाहा आणि मग दुखऱ्याने, म्हणजे जमतं. पुढे टाच गादीवरून घसरवत गुडघा वाकवणं आणि सरळ पाय उचलणं, हे डॉक्टर सांगतील तेव्हापासून.

एक सावधगिरी. तुमच्या गुडघ्यात गादी नुसती कापली आहे की टाके घालून शिवली आहे, हे घरी येण्यापूर्वी विचाराच. कापली असेल तर बहुधा लवकरच पाय टेकता येतो. शिवली असेल तर किती भार टाकायचा आणि किती वाकवायचं यावर काही आठवडे बंधनं असतात. मामेबहिणीला चौथ्या दिवशी चालवलं म्हणून तुम्हीही चालायचं, असं नाही. दोघींची गुडघ्याची ऑपरेशनं, पण गोष्टी वेगळ्या.

व्यायाम करताना ओढ बसणं, थोडं दुखणं, हे चालायचंच. थांबल्यावर तासाभरात ते पूर्ववत व्हायला हवं. रात्रभर ठणकलं आणि सकाळी सूज वाढलेली दिसली तर काल जास्त झालं, आज थोडं कमी करा. व्यायाम बंद मात्र करू नका.

घर आधी आवरून ठेवा

ही तयारी ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातली. आपलं घर म्हणजे सगळा जमिनीवरचा संसार. विळी खाली, पाट खाली, पोळपाट कुणाकुणाकडे अजून खाली, देव तर हमखास खाली. गुडघ्याला त्या पंधरवड्यात मांडी आणि उकिडवं बसणं वर्ज्य. रोजचे डबे, चहा-साखर, तवा, कुकर ओट्याच्या उंचीवर आणा. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा. दारातली पायपुसणी, सतरंजी, मुलांची खेळणी, लोंबणाऱ्या वायरी उचला. मोरीत खरबरीत चटई आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा.

संडास देशी पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आणाच. वैद्यकीय सामानाच्या दुकानात ती विकत मिळते, पुष्कळ ठिकाणी भाड्यानेही. हा खर्च अनाठायी वाटतो आणि मग पहिल्याच सकाळी त्याची किंमत कळते. साडीचे काठ पायात येतात, तेव्हा पंधरा दिवस गाऊन किंवा आखूड परकर-झगा बरा.

काठी दिली असेल तर ती दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. पुष्कळ बायका उलट धरतात! जिन्याचा नियमही पाठ करा : चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर दिवसातून चार वेळा खाली-वर करायची कामं दुसऱ्यांना वाटून द्या. कोणाला कोणतं ते कागदावर लिहून. ‘कुणीतरी करेल’ म्हटलं की शेवटी तुम्हीच उठता.

दुखणं सांगायचं कसं

डॉक्टरांनी विचारलं, ‘कसं आहे?’ की आपण म्हणतो, ‘बरं आहे.’ घरच्यांसमोर तर नक्कीच. मग डॉक्टरांनी ठरवायचं कशावरून? आपल्या मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत, ते वापरा की! ठणका म्हणजे नाडीबरोबर उसळणारं दुखणं. पाय खाली सोडला की वाढणारा ठणका बहुधा सुजेचा. रग म्हणजे स्नायू दमल्याची, व्यायामानंतरची. चमक म्हणजे एखाद्या विशिष्ट हालचालीला क्षणभर वीज जावी तशी. ती कोणत्या हालचालीला येते ते लक्षात ठेवून सांगा. छेदाभोवती कातडी हुळहुळते किंवा बधिर वाटते, ते बारीक मज्जातंतूंमुळे, आणि बहुधा हळूहळू कमी होतं. गुडघा अडकतो, मध्येच कुलूप लागल्यासारखा होतो, हे तर आवर्जून सांगायचं.

शिवाय शून्य ते दहा असे गुण द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेपलीकडचं. बसल्या जागी किती आणि चालताना किती, हे वेगवेगळं. कालनिर्णयावर गोळीच्या वेळेशेजारीच तो आकडा लिहा. चार दिवसांचे आकडे दाखवलेत की डॉक्टरांना लांबलचक वर्णनापेक्षा जास्त कळतं. आणि नवऱ्यालाही! ‘आज सात आहे’ म्हटल्यावर पुढचं काही बोलावं लागत नाही.

रात्री दुखणं जास्त जाणवतं, कारण लक्ष दुसरीकडे नसतं. रेडिओवर हलकं गाणं लावा, श्वास सावकाश सोडा. हा मनाचा खेळ नव्हे. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं, की मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असतं आणि स्पर्श, मनाची अवस्था यांनी ते थोडंफार लोटता येतं. पाटाला बोट आपटलं की आपण चटकन चोळतो, ते काय उगीच?

मात्र पुढच्या गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका. एकाच पायाची पोटरी सुजली, घट्ट झाली, दाबल्यावर दुखते. दम लागतो, छातीत दुखतं. तेव्हा तर सरळ रुग्णालय गाठा, १०८ला फोन करा. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, गुडघा लाल आणि गरम झाला, छेदातून पू किंवा सारखं पाणी येतं. उतरत आलेलं दुखणं अचानक उसळलं आणि गोळीला दाद देईना. बोटं निळसर, गार पडली किंवा मुंग्या येऊन बधिर झाली. तेव्हा वरचं बँडेज सैल करा आणि लगेच फोन करा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर गोळ्या थांबवून लगेच रुग्णालयात जा. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचं कसं, असा संकोच बाईलाच वाटतो. दवाखान्यातून निघतानाच रात्रीचा फोन नंबर मागून फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा.

पन्नाशीच्या पुढच्या मैत्रिणींना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. तुमचा गुडघा मुळात झिजलेला असेल, तर ऑपरेशनचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत ओसरेल, पण झिजेचं जुनं दुखणं मागे उरू शकतं, आणि ते पाहून ‘ऑपरेशन बिघडलं’ असं वाटू लागतं. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी झिजेच्या १८० रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीतून खरोखर साफसफाई केली, काहींना नुसते वरवर छेद दिले. पुढे दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. त्यामुळे नुसत्या झिजेसाठी हे ऑपरेशन आता सहसा सुचवत नाहीत. तुम्हाला कुणी सुचवलं असेल तर ‘हे फाटलेल्या गादीसाठी की झिजेसाठी?’ असं आधीच विचारा. झिजेवर वजन आणि मांडीचा व्यायाम यांचा उपाय आहे, तो दुसऱ्या लेखाचा विषय.

टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांत काढतात. तोवर अंघोळीला पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. थोडी सूज पुढे काही आठवडे संध्याकाळी येत-जात राहते. स्कूटर, देवापुढे मांडी घालून बसणं, हळदीकुंकवाला वाकून नमस्कार, यांतलं काय कधी सुरू करायचं हे टाके काढायच्या दिवशी एकेक करून विचारा. आठवणार नाही म्हणून यादी घेऊन जा.

आणि पंधरा दिवसांनी औषधाच्या डब्यात अर्ध्या-मुर्ध्या पट्ट्या उरतील. त्या ‘असू दे, सासूबाईंची कंबर दुखते तेव्हा होतील’ म्हणून ठेवू नका. सासूबाईंना रक्तदाब असेल, त्यांच्या गोळ्या वेगळ्या असतील. उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत घेत असतील तर तिथे द्या, नाहीतर पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवून पिशवीत बांधून टाका, म्हणजे नातवंडांच्या हाती लागायच्या नाहीत.